अर्धशिशी आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या: कुठली, किती, किती दिवस आणि बंद कधी करायची

आमच्या फ्रिजवर श्रीखंडाचा एक रिकामा डबा असायचा, त्यात माझ्या सात स्ट्रिपा आणि दोन बाटल्या होत्या, सगळ्या "डोक्यासाठी". एक मावशीने सांगितलेली, एक ऑफिसातल्या मैत्रिणीची, दोन मेडिकलवाल्या भियाने "दीदी ये ले लो, नसों की ताकत की है" म्हणून हातात ठेवलेल्या, बाकीच्या रात्री दोनला दुखणाऱ्या डोक्याने मोबाईलवर ऑर्डर केलेल्या. सगळ्या एकाच आठवड्यात सुरू केल्या. पुढच्या महिन्यात डोकं जरा कमी दुखलं, पण कशाने ते कळेना, म्हणून काहीच बंद करायची हिंमत होईना. मग वर्षभराने तळपायांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी डबा घेऊन यायला सांगितलं आणि टेबलवर एकेक स्ट्रिप उलटी करून बी-६ ची बेरीज केली, तर तीन वेगवेगळ्या गोळ्यांत मिळून रोजचं दोनशे एमजीच्या वर जात होतं. बी-६ जास्त दिवस जास्त घेतलं की नसांनाच इजा करतं, म्हणजे नसांच्या ताकदीसाठी घेतलेली गोळी नसांवरच उठली होती. मुंग्या जायला सात-आठ महिने लागले.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, इंदूरच्या सुदामा नगरमध्ये राहणारी, वीस वर्षं अर्धशिशी म्हणजे मायग्रेन असलेली बाई आहे. व्हिटॅमिनने फायदा होतो का, तर काहींना होतो, मलाही झाला, पण त्याला पद्धत लागते.

आधी हे मायग्रेनच आहे ना ते बघा

आपल्याकडे अर्धं डोकं दुखलं की अर्धशिशी आणि पूर्ण दुखलं की "गॅस". तसं नसतं हो. मायग्रेनचं दुखणं काही घेतलं नाही तर ४ ते ७२ तास चालतं, बहुतेक वेळा एका बाजूला, ठणकल्यासारखं, जिना चढला किंवा खाली वाकलं की वाढणारं, आणि सोबत मळमळ किंवा उजेड-आवाज सहन न होणं. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी कानात खिळ्यासारखी गेली की समजायचं. काहींना दुखण्याआधी पाच मिनिटं ते तासभर डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा दिसतात, नजरेतला एक तुकडा गायब होतो किंवा हाताला-जिभेला मुंग्या येतात, त्याला ऑरा म्हणतात. तुम्हाला ऑरा येतो का हे नीट आठवून ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि काही डोकेदुख्या अशा आहेत की त्यात गोळ्या-बिळ्या शोधत बसायचंच नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं: काही सेकंदांत-मिनिटात आभाळ कोसळल्यासारखी सुरू झालेली, ताप आणि मान आखडलेली, बोलताना जीभ अडखळते किंवा एक हात-पाय लुळा पडतो अशी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने आलेली, किंवा नेहमीच्या दुखण्याची चालच बदललेली.

बायकांना हे पुरुषांच्या साधारण तिप्पट होतं, आणि ते वयात आल्यानंतर, लहानपणी मुलगा-मुलगी जवळजवळ सारखेच असतात. कारण इस्ट्रोजेन. पाळीच्या तोंडावर ते एकदम खाली येतं आणि तो उतार डोक्याला सोसत नाही. म्हणून पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंतचे दिवस बहुतेकींचे वाईट. चाळिशीनंतर पाळी पुढे-मागे व्हायला लागली की इस्ट्रोजेन वर-खाली उड्या मारतं आणि डोकंही. "वय झालं आता, नखरे कमी कर" असं एका आत्याबाईंनी मला सांगितलं होतं, नेमकं त्याच काळात.

एक महिना नुसतं कॅलेंडर भरा, व्हिटॅमिनची गोळी एकही नाही

ही पायरी सगळ्या जणी गाळतात, मीही गाळली होती. डायरीचं अ‍ॅप वगैरे छान आहे पण मला जमलं नाही, मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय वापरलं. डोकं दुखलं त्या तारखेला फुली, अंथरुणाला खिळवणारं दुखलं तर दोन फुल्या, पाळीच्या दिवसांना लाल गोल, आणि पेनकिलर घेतली तर कोपऱ्यात "गो". बस. कधीकधी एक शब्द: उपास, जागरण, ऊन. माझ्या पहिल्या महिन्यात अकरा फुल्या निघाल्या, त्यातल्या पाच लाल गोलांना चिकटून आणि दोन चतुर्थी-एकादशीच्या दिवशी. कालनिर्णयवर उपास आधीच छापलेले असतात, त्यामुळे हे आपोआपच दिसलं. हरतालिकेला निर्जळी करून दुसऱ्या दिवशी ओकत गणपती बसवलाय मी कितीदा, पण दोन्हींचा संबंध कधी जोडला नव्हता.

"गो" किती झाले ते वेगळं मोजा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे असं माझं मत. साध्या पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोट (ही खास मायग्रेनच्या अटॅकवरची औषधं) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागू शकतं. असं असेल तर व्हिटॅमिनच्या भरवशावर राहू नका, आधी डॉक्टरांच्या मदतीने ती गोळी कमी करावी लागते, त्याचे पहिले काही दिवस त्रासाचे जातात हेही खरं.

याच महिन्यात रक्त तपासून घ्या. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. सरकारच्या कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी निघालं होतं, आणि आपण शाकाहारी म्हटल्यावर बी-१२ चं तर विचारूच नका. ही कमतरता असेल तर ती भरून काढायचीच, डोक्यासाठी नाही तर अंगासाठी, डोकं हलकं झालं तर बोनस. एक बारीक गोष्ट: केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

पहिली गोळी: बी-२

रिबोफ्लेविन. मायग्रेनसाठी डोस आहे दिवसाला ४०० एमजी. आपली रोजची गरज असते दोन एमजीच्या आसपास, म्हणजे हा जेवणातून मिळणारा आकडाच नाही, दूध-दही-अंडी-मशरूम कितीही खा. विचार असा की मायग्रेनवाल्या मेंदूच्या पेशींत एनर्जी तयार करणारं यंत्र थोडं कमी पडतं आणि बी-२ त्या यंत्राला लागणारा कच्चा माल आहे. १९९८ मध्ये बेल्जियममध्ये ५५ जणांवर तीन महिने प्रयोग झाला होता, त्यात ४०० एमजी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांचे अटॅक निम्म्याने किंवा जास्त कमी झाले, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १५ टक्के लोकांचे. तो १५ चा आकडाही लक्षात ठेवा. माझ्या जावेला पिवळ्या गोळीने चौथ्या दिवशी बरं वाटलं ते बहुधा त्यातलंच, कारण हे काम हळूहळू होतं, पहिला महिना तर काहीच कळत नाही.

आता इथेच एक घोटाळा होतो. मेडिकलवर बी-२ मागितलं की बी-कॉम्प्लेक्स देतात. बाजारातल्या साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-२ साधारण १० एमजी असतं. म्हणजे ४०० व्हायला चाळीस कॅप्सूल! तसं करायचं नाही, कारण चाळीस कॅप्सूलमध्ये बी-६ पण चाळीसपट येतं आणि माझ्या तळपायांची गोष्ट तुम्ही वर वाचलीच. नुसतं रिबोफ्लेविन लिहिलेली गोळी हवी. ती प्रत्येक गल्लीतल्या दुकानात नसते, प्रिस्क्रिप्शनवर एमजीसकट लिहून घ्या आणि दवा बाजारात विचारा किंवा मागवून घ्या.

घ्यायचं जेवणानंतर, मी सकाळी पोह्यांनंतर घेते. लघवी गडद पिवळी होते, अगदी हायलायटरसारखी, घाबरू नका, जास्तीचं बी-२ बाहेर पडतंय इतकंच. काहींना पोट बिघडतं किंवा वारंवार लघवीला जावं लागतं. बाकी हे औषध गरीब आहे बिचारं.

दुसरी: मॅग्नेशियम

ज्यांचं दुखणं पाळीला बांधलेलं आहे त्यांनी मी तर म्हणेन आधी याचाच विचार करावा. १९९१ मध्ये इटलीत २० बायकांना पाळीच्या चक्राच्या १५ व्या दिवसापासून पाळी येईपर्यंत रोज ३६० एमजी देऊन बघितलं होतं, डोकेदुखीचे दिवस कमी झाले. प्रयोग छोटा आहे, २० म्हणजे आमच्या भिशीच्या दोन ग्रुपइतक्या बायका, पण पद्धत सोपी आणि स्वस्त आहे. रोज घ्यायचं तर १९९६ चा जर्मनीतला प्रयोग आहे, ८१ जण, ६०० एमजी, १२ आठवडे, शेवटच्या महिन्यात अटॅक ४१.६ टक्के कमी झाले आणि खोट्या गोळीवाल्यांचे १५.८. पण त्याच वर्षी जर्मनीतच दुसऱ्या प्रकारचं मॅग्नेशियम देऊन केलेल्या प्रयोगात काहीच फरक पडला नाही, तेव्हा "शंभर टक्के रिझल्ट" म्हणणाऱ्या व्हिडिओवाल्यांकडे दुर्लक्ष करा.

लेबल वाचायला शिका, इथे भलेभले फसतात. समोर मोठ्या अक्षरात "मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० एमजी" लिहिलेलं असतं, पण त्यात खरं मॅग्नेशियम साधारण १४० एमजीच असतं, बाकी वजन ग्लायसीनचं. सायट्रेटमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास, ऑक्साइडमध्ये ६० टक्के, पण ऑक्साइड अंगी कमी लागतं आणि पोट जास्त सोडतं. तर बाटली फिरवून मागे "एलिमेंटल" शब्द शोधा, डोस त्या आकड्याने मोजायचा. तो शब्दच नसेल तर बाटली परत ठेवा. रोजचं ४०० ते ६०० एमजी एलिमेंटल हा मायग्रेनसाठीचा पल्ला आहे, पण पहिल्या दिवशीच तिथे उडी मारू नका. मी रात्री जेवणानंतर १०० ने सुरू केलं, दर आठवड्याला थोडं वाढवलं आणि ४०० ला थांबले, कारण त्याच्या पुढे सकाळी बाथरूमबाहेर घरच्यांची रांग लागायला लागली. जुलाब झाले तर एक पायरी खाली या, इतकं साधं आहे.

किडनीचा त्रास असेल तर मॅग्नेशियम स्वतःच्या मनाने अजिबात नाही, ते शरीरात साठून धोकादायक होतं. थायरॉइडची गोळी घेत असाल तर चार तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीशी निदान दोन तासांचं, आणि डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर तेवढे दिवस डॉक्टरांना विचारून थांबवा. जेवणातून मात्र बिनधास्त वाढवा: भोपळ्याच्या बिया, तीळ, राजगिरा, शेंगदाणे, पालक, बाजरी. संक्रांतीच्या आठवड्यात मला कमी त्रास होतो असं मला वाटत होतं, कॅलेंडरने ते खोटं ठरवलं, पण तिळाचे लाडू मी सोडले नाहीत.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

कोएन्झाइम क्यू-१०: १०० एमजी दिवसातून तीनदा, २००५ चा ४२ जणांवरचा प्रयोग, निकाल चांगला. महाग आहे, त्यामुळे माझ्या यादीत तिसरं. तूप-तेलाच्या जेवणासोबत घ्यायचं. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर विचारल्याशिवाय नाही.

डी: रिपोर्टमध्ये कमी असेल तर घ्या, डॉक्टर बहुतेक ६०,००० युनिटची गोळी किंवा सॅशे आठवड्यातून एकदा, काही आठवडे देतात. आठवड्यातून एकदा! आमच्या ओळखीत एका काकूंनी ती रोज घेतली होती. डी साठून राहतं, कॅल्शियम वाढवतं, मग उलट्या, बद्धकोष्ठ, किडनीला त्रास.

बी-६, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ एकत्र: ऑरावाल्या मायग्रेनसाठी ऑस्ट्रेलियात अभ्यास झालेत, तिथे बी-६ फक्त २५ एमजी होतं. हे डॉक्टरांवर सोडा.

ए: मायग्रेनसाठी नको. जास्त झालं की डोक्याच्या आतला दाब वाढून उलट डोकं दुखतं.

बटरबर नावाची वनस्पती ऑनलाइन दिसेल. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकॅडमी आणि हेडेक सोसायटीने ज्या यादीत मॅग्नेशियम आणि बी-२ ला "बहुधा उपयोगी" म्हटलं त्याच यादीत हिला सगळ्यात वरचा नंबर दिला होता, आणि २०१५ मध्ये लिव्हरच्या धोक्यामुळे ती शिफारस मागे घ्यावी लागली. झाडपाल्याचं आहे म्हणजे निर्धोक, हे डोक्यातून काढाच.

आणि हो, इंदूरचा नॅशनल उपाय, सूर्य उगवायच्या आधी दूध-जिलबी. मी केलाय. रात्री नीट न जेवता झोपणाऱ्यांना पहाटे साखर पोटात गेल्याने बरं वाटत असेल कदाचित, पण मग रात्री वेळेवर वरण-भात खाणं जास्त सोपं नाही का. जिलबी मी पोह्यांबरोबरच खाते, औषध म्हणून नाही.

सुरू कशी करायची आणि बंद कशी

एका वेळी एकच. हा नियम मोडला की माझा श्रीखंडाचा डबा तयार होतो. कॅलेंडरवर सुरू केल्याची तारीख लिहा आणि तिथून तीन महिने मोजा, मध्ये दुसरं काही नवीन नाही, मैत्रीण कितीही म्हणाली तरी. तीन महिन्यांनी शेवटच्या महिन्याच्या फुल्या मोजा आणि पहिल्या, बिनगोळीच्या महिन्याशी ताडून बघा. निम्म्या झाल्या तर उत्तम, चालू ठेवा. थोड्याच कमी झाल्या तर पहिली चालू ठेवून दुसरी जोडा आणि परत तीन महिने. काहीच फरक नाही तर बंद करा, "असू दे, ताकदीची आहे" म्हणून चालू ठेवू नका. मे महिना आणि ऑक्टोबर हीटची तुलना पावसाळ्याशी करू नका, आमच्याकडे मे मध्ये कुणाचंही डोकं फुटतं.

माझं असं झालं: ११ फुल्या, मॅग्नेशियमने तीन महिन्यांनी ८, मग बी-२ जोडल्यावर ५. त्यात उपासाला भगर-दाण्याची आमटी वेळेवर खाणं आणि सराफ्यातून, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, दीडला घरी येणं बंद करणं याचाही हात असणार, तो वेगळा काढता येत नाही.

ही रोजची गोळी अटॅक येऊ नये म्हणून आहे, आलेला अटॅक तिने थांबत नाही. डोकं ठणकायला लागल्यावर दोन जास्तीच्या बी-२ घेऊन काही होत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं अटॅकचं औषध वेगळं असतं आणि ते लवकर घ्यायचं, उलटी सुरू झाल्यावर घेतलं की पोटात राहतच नाही. महिन्यात चार-पाच दिवस अंथरुणात जात असतील तर व्हिटॅमिनवर महिने घालवू नका, न्यूरोलॉजिस्टकडे रोजची नीट औषधं आहेत.

ऑरा लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, ते यासाठी. ऑरा येणाऱ्या बाईने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नसतात, स्ट्रोकचा धोका वाढतो. पाळी पुढे ढकलायला किंवा पीसीओडीसाठी गोळी लिहून देताना डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. आणि दिवस राहिले असतील किंवा राहावेत असा विचार असेल तर सगळ्या स्ट्रिपा घेऊन गायनॅककडे जा, व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसचं तर विचाराच पण मायग्रेनची कुठलीही रोजची गोळी, त्यातही व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट, चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच, कारण या दोन्ही बाळासाठी घातक आहेत.

गोळी लागू पडली तरी जन्मभर नाही. सहा महिने ते वर्षभर चांगले गेले की डॉक्टरांना विचारून एक-एक करून बंद करून बघा, परत एका वेळी एकच, आणि फुल्या मारणं चालू ठेवा. मी गेल्या दिवाळीनंतर बी-२ बंद केलं, फुल्या ५ च्या ६ झाल्या, मॅग्नेशियम अजून आहे. वर्ष संपलं की जुनं कालनिर्णय फेकू नका, डॉक्टरांकडे जाताना तेच गुंडाळी करून न्या. मागच्या वेळी आमच्या डॉक्टरांनी पाच मिनिटं नुसती पानं उलटली, रामनवमीच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "यहाँ तीन क्रॉस क्यों हैं?" मी म्हटलं, घरी पाहुणे होते.